अधिक-उणे दोन शतांश

रात्री साडेअकराला उद्यमबागेतला शेवटचा लेथ थांबतो,
कुत्र्यांना रस्ता मोकळा होतो,
आणि जगाच्या त्या टोकाला कुणीतरी
दुपारचं जेवता जेवता फोनवर दोन ओळी लिहितो.
माझे चारशे बुश
क्रेटमध्ये आहेत तिथंच पंचवीस टक्क्यांनी महाग होतात.
बसल्या जागी. न गंजता.

भरमाण्णा हलगेकर, नाव कन्नड, आडनाव मराठी,
शिव्या दोन्हीकडच्या,
म्हणाला, "काय झालंय की मालक?"
म्हटलं, मोठा साहेब रागावलाय.
"आमच्यावर?"
नाही रे, तिसऱ्याच कुणावर. आपण मधे उभे होतो.
"मग ते नेहमीचंच की,"
असं म्हणून तो कूलंट बदलायला गेला.

मधे उभं राहणं हा आमचा वडिलोपार्जित धंदा.
टक्केवारी आम्हाला नवी नाही.
गेल्या डिसेंबरात पेंटर टेप घेऊन आला,
पाटीवर साठ टक्के कन्नड मोजून बसवलं,
उरलेल्यात माझं नाव मावेना
तेव्हा विचारून विचारून 'अँड सन्स' पुसलं.
बरोबरच केलं.
सन तसाही हिंजवडीला असतो.

परवा एक अब्जाधीश अकरा मिनिटं आभाळात जाऊन आला.
उतरल्यावर डोळे पुसत म्हणाला,
वरून सीमा दिसत नाहीत.
टीव्हीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
भरमाण्णानं नाही.
"आमच्या बाचीची म्हैस रोज शिनोळीत चरून येती.
तिला तर खालूनच दिसत नाही.
तिची मुलाखत कोण घेतंय?"

मग बराच वेळ तो जॉब न लावता उभाच.
"त्या रॉकेटात आपला एखादा बुश असंल काय हो?"
मी हिशेब करून पाहिला:
आपण चाकणला देतो, चाकणवाला चेन्नईला,
तिथून पुढं जहाज, आणि जहाजाला आपलं नाव सांगायचं कारण नाही.
"म्हणजे कळायचं नाही."
नाही.
"पडलं तर कळंल," भरमाण्णा म्हणाला.
"पडलं तर फोन येतोय बघा."

घरी शालननं गॅससाठी फोन लावला.
हल्ली तिथं माणूस नसतो, यंत्र असतं,
गोड आवाजाचं, कधी न दमणारं.
कुठल्याशा श्रीमंतानं त्याला म्हणे जगातल्या सगळ्या भाषा शिकवल्यात.
शालन म्हणाली, "सिलिंडर संपलाय बाई, यावाग बरतैती?"
यंत्र गप्प झालं.
मग त्यानं आधी मराठीत माफी मागितली, मग कन्नडमध्ये,
आणि मुख्य यादीकडे परत गेलं.
आमच्या घराकडून दोन्ही भाषांत माफी मागणारं
पहिलंच कुणीतरी.

मी काही शिकलेला माणूस नाही.
पण ड्रॉइंग वाचतो.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: पंचवीस मिलिमीटर,
आणि शेजारी, बारीक अक्षरात, अधिक-उणे दोन शतांश.
जगात कुठलीच गोष्ट नेमकी होत नाही
हे ज्यानं पहिल्यांदा कागदावर सही करून मान्य केलं
तो माणूस मला पंतप्रधान म्हणून चालला असता.
कुठल्याही देशाचा.
नकाशे काढणाऱ्यांना आधी
सहा महिने लेथवर बसवायला हवं होतं,
एक-दोन बोटं सोलून घेतली असती,
रेघेलाही जाडी असते हे समजलं असतं.
रेघेच्या जाडीत आम्ही तीन पिढ्या राहतोय,
वीजबिल वेळेवर भरून.

क्रेट अजून दारातच आहे.
त्यावर आता चहाचे ग्लास ठेवतो, कधी कुंद्याचा पुडा.
काल लाइट गेल्यावर भरमाण्णानं त्यातला एक बुश काढला,
मोबाईलच्या उजेडात मायक्रोमीटर लावला,
एक डोळा मिटून वाचलं:
चोवीस नव्याण्णव.

"आपलं बरोबर हाय की," म्हणाला,
बुश बनियनला पुसला, परत ठेवला,
आणि हेस्कॉमला
तिसऱ्यांदा फोन लावला.